एक्केचाळीस

धुळ्याच्या सिव्हिलमागे पत्र्याची एक खोली होती.
वैशाखात तिच्या खिडक्यांना ओली गोणपाटं.
दुपारी दोनपर्यंत ती वाळून खडखडीत झाली
की उखर्डूबाबा पुन्हा बादली घेऊन निघायचा.
शिव्या नगरपालिकेला, पाणी गिनीपिगांना.

मी बारा वर्षांची. संध्याकाळचा ताप,
पाठीला टेकलेलं पोट,
आणि काचपट्टीवर जंतू काही सापडेना.
मोठे डॉक्टर म्हणाले, प्राण्यात टोचून बघू.
आईनं विचारलं, कुठल्या?
ते पुढच्या खाटेकडे गेले होते.

माझा खोकला पत्र्याच्या डबीतून गेला
त्याच्या डाव्या मांडीत.
आता सहा आठवडे थांबायचं.

गल्लीत गच्च्यांवर बिबडे वाळत होते,
मला हात लावू देत नव्हते.
माझी थाळी वेगळी, पेला वेगळा,
मावशी उंबऱ्याबाहेरून बोलायची.
म्हणून मी गोणपाट बाजूला सारून
त्याच्याकडे बघत बसायची.

तांबूस-पांढरा, भरताच्या वांग्याएवढा,
एका डोळ्याभोवती काळं.
लसूणघासाचा पुडा खसखसला की शीळ घालायचा, लांब.
त्या उन्हाळ्यात मी आल्याचा
आनंद दुसऱ्या कुणाला होत नव्हता.

याचं नाव काय, मी विचारलं.
‘नाव नही, माय, नंबर शे.
नाव ठेवं ते जीव लागस.’
उखर्डूबाबाच्या आधीची तीन भावंडं गेली होती.
हा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवून
सूपभर ज्वारीला परत विकत घेतला होता,
मरणानं कचरा समजून पुढं जावं म्हणून.
नाव काय काम करतं, ते त्याला विचारावं.

चौथ्या आठवड्यात जांघेत गाठ आली.
हरभऱ्याएवढी.
त्यानं मला बोट लावू दिलं.
रात्री गोधडीत मी माझी जांघ चाचपली,
मग काख, मग गळा.

तो बरा तर मी बरी, असं माझं साधं गणित.
डॉक्टरांचं निराळं होतं:
तो आजारी पडला तरच मला औषध.
आणि बरा असता तरी
सहा आठवड्यांपुढे
त्याला सातवा नव्हता.

त्याच्या प्लीहेवर म्हणे पिवळ्या कण्या होत्या,
ज्वारीच्या असतात तशा.
मला नव्वद सुया लागल्या, मांडीतच.
लंगडत खिडकीशी गेले तर
पिंजरा धुऊन उन्हात पालथा घातलेला.
उखर्डूबाबा विडी ओढत होता, पाठ करून.

पुढं चोपड्याला एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं.
शेळी, कुत्रा, उंदीर
आपापलं क जीवनसत्त्व अंगातच बनवतात.
माणसाला जमत नाही.
गिनीपिगालाही नाही.
एवढ्याच एका नात्यावर पोरं हसायची.

एकदा मागच्या बाकावरची झेलाबाई
उभी राहून म्हणाली,
मग बाई, पिंजऱ्यात असल्यावर
त्यानं ते मिळवायचं कसं?

मी म्हटलं, कुणीतरी आणून द्यावं लागतं.
आवळा, पेरू, नाहीतर लसूणघास,
कागदाच्या पुड्यात बांधून.

पुडा जरा वाजवत आणावा.