दोन सुतांची फट

कोइमतूरहून खोका आला तेव्हा
अंबडच्या शेडमध्ये इतकी थंडी होती
की रेझिन डब्यात मधासारखं बसून राहिलेलं.
करंजकर काकांनी स्वतः खिळे उपसले.
पेंढ्यात दोन मडगार्ड, एक बोनेट,
पांढरेफटक,
नव्या कवळीसारखे.

वजन बघा, म्हटलं, एका बोटावर.
ते काही बोलले नाहीत.
त्यांचा हात जुन्या मडगार्डावर होता.
गंजून त्याची चाळण झालेली,
खाली वाकलं की पाथर्डी फाट्याचं ऊन
त्यातून दिसायचं.

गाडी सदुसष्टची. इंग्रजी, दोन सीटची,
देवळालीच्या एका कर्नलकडून घेतलेली,
थोडा बोनस, थोड्या बायकोच्या पाटल्या.
छत्तीस वर्षं काकांनी प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई केसभर सरकली
की ताव बाजूला, लाल पेन्सिल,
आणि मग भुगा.
अशा माणसासमोर मी मडगार्ड लावत होतो.

डावीकडे दोन सूत फट.
उजवीकडे काहीच नाही, दार घासतंय.
बोल्टाचं भोक बोल्टाला ओळख देईना.
कानशीने भोकं लांबट केली,
वायसर घातले, काढले, परत घातले.
सातव्यांदा मडगार्ड उतरवलं
तोवर काचेची कुसळं मनगटात शिरली होती
आणि विलास, माझा पोऱ्या,
खाजवत खाजवत चहाच्या नावाने पळाला होता.

'साचा चुकलाय,' काका म्हणाले.
मी दोरी धरली, या चाकापासून त्या चाकापर्यंत.
चेसिसच पाऊण इंच तिरकी.
'ही कुठे ठोकली होती?'
बराच वेळ नुसता कॉम्प्रेसर बोलत राहिला.
'कसारा घाटात. ऐंशी साली.
ती शेजारी बसली होती.
काही झालं नाही तिला. हसली फक्त.'

जुनं लोखंड त्या वाकड्याला सरावलेलं,
चप्पल पायाला सरावते तसं.
नव्याला काय माहीत.

चारच्या सुमाराला ऊन तिरपं आत आलं
आणि नव्या मडगार्डावर काकांना खड्डा दिसला,
रुपयाएवढा, उथळ, गुळगुळीत.
सांगितलं त्यांना, की साचा काढतात
तो कुठल्या तरी खऱ्या गाडीवरून.
मेण चोपडायचं, मॅट थापायची.
तिला जे काही झालं असेल ते साच्यात उतरतं,
साच्यातून यात.
कुणाचा गुडघा असेल, दगड असेल,
गल्लीतल्या पोरांचा चेंडू.
'पुट्टी भरतो. पाच मिनिटं.'

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला.
अंगठा खड्ड्यात ठेवला
आणि तसाच ठेवून उभे राहिले.
'राहू द्या,' म्हणाले.
फट मात्र भरून घेतली माझ्याकडून.
फटीला माफी नव्हती.

रात्री हॅलोजनच्या उबेला मॅट धरली एकदाची.
बॅटरी जोडली. दिवे लागेनात.
बल्ब बदलले, फ्यूज बदलले,
विलासला उगाच एक शिवी दिली,
मग लक्षात आलं.
या गाड्यांत करंट वायरने येतो
आणि परत जातो अंगातून, लोखंडातून.
फायबर त्याला वाट देत नाही.
ती वाट भंगारात उभी होती,
आम्हीच काढून ठेवलेली.

'मग आता?'
'आता काळी वायर. वेगळी टाकायची,
दिव्यापासून चेसिसपर्यंत.'
'त्या तिरक्या?'
'तिलाच.'

वायर काकांनी धरली, नट मी आवळला.
पिवळा उजेड पडला
पत्र्यावर, रेझिनच्या डब्यांवर,
कुणी न नेलेल्या गणपतीच्या साच्यावर,
आणि जुन्या मडगार्डातून आरपार जाऊन
मागच्या भिंतीवर, बारीक बारीक ठिपके.
काका ते मोजत होते बहुतेक.
विलास म्हणाला,
डावा दिवा जरा खाली बघतोय.