सहा नंबरचं टेबल

शुक्रवारी संध्याकाळी कोट घालण्याआधी
सगळं पलंगावर मांडतो,
आणि त्यातलं बहुतेक परत पेटीत ठेवतो.

दोरी नको. दोरीला हात पसरायला जागा लागते,
आणि तुल्लिओच्या खानावळीत
झोरा दोन खुर्च्यांमधून कशीबशी वळते,
हातात शिंपल्यांचं उकळतं भांडं घेऊन.
विस्तव नको. एकदा एका बाईंच्या केसांना...
ते असो.
कबुतर तर नकोच, लोक जेवत असतात.

पत्ते घ्यावेत, पण दोन कॅट.
एक नऊ वाजेपर्यंत ऑलिव्हच्या तेलाने चिकटतो.
टेबलावर काही पसरायचं नाही;
तिथे पाव असतो, सांडलेली वाइन असते,
कोणाचं तरी कोपर असतं.
घडायचं ते त्यांच्याच तळहातावर घडावं:
स्पंजचा लाल चेंडू, एकाचे दोन, बंद मुठीत.
माणसाला स्वतःच्या मुठीचा फार भरवसा,
म्हणून तीच फसवायला सोपी.

कार्सोच्या पठारावरून बोरा सुटला असेल
तर बाहेरच्या टेबलांकडे फिरकायचं नाही.
त्रिएस्तेच्या त्या वाऱ्याने एकदा माझी बदामची राणी
उचलून कालव्यात टाकली,
आणि टाळ्या त्यालाच पडल्या.

ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंत सात मिनिटं,
माशाला नऊ. हा झोराचा हिशोब.
तेवढ्यात नाव सांगायचं, हसवायचं, निघायचं,
आणि निघता निघता खिशातल्या खिशात
सगळं पुन्हा पहिल्यासारखं लावायचं.
पुढच्या टेबलाला वाटलं पाहिजे
की हे जगात आत्ताच, त्यांच्यासाठी घडतंय.

रोज कोणीतरी म्हणतं, "बिल गायब करून दाखवा."
रोज मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.
हीही हातचलाखीच, फक्त तोंडाने करायची.

फाटका रुमाल जुळवायचा खेळ मी शेवटी ठेवायचो.
कागदी रुमाल, चार तुकडे, एक फुंकर, अखंड.
हलका खेळ. सामान टेबलावरचंच,
असं त्यांना वाटतं.

परवा सहा नंबरवर, जे टेबल डुगडुगतं,
एक जोडपं बसलं होतं.
पावाला हात लागलेला नव्हता.
तेवढं पाहून मी वळायला हवं होतं,
पण त्याने लांबूनच हाक मारली, "या, या!"
गप्प टेबलावरून जादूगाराला जो बोलावतो
त्याला जादू नको असते, तिसरं माणूस हवं असतं.
इतकं मला कळायला हवं होतं.

मी तिला म्हणालो, फाडा.
तिने फाडला.
चार तुकडे नाहीत. नखाएवढे, सावकाश,
त्याच्याकडे एकदाही न बघता.
शेवटी टेबलावर मूठभर पांढरा चुरा झाला.
"आता द्या इकडे," मी म्हणालो. "बघा हं."
"नको," ती म्हणाली. "असाच राहू दे."
आणि चुरा पंजाने पर्समध्ये ओढून घेतला.
पर्सची कळ टक्क वाजली.
"आभारी आहे," म्हणाली. मला.

माझ्या डाव्या मुठीत दुसरा रुमाल,
न फाटलेला, घामाने भिजत.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
पण ती उघडा म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.
मासा आला. बरोबर नऊ मिनिटांनी.
त्याने पेला भरला. स्वतःचा.

रात्री खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवताना
झोराने विचारलं, "मुठीत काय आहे, नेविओ?"
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी कोणाला तरी आतलं दाखवलं.
"बस? एवढंच?"
तिने रुमालाची घडी घातली, घडीची घडी,
आणि वाकून सहा नंबरच्या पायाखाली सरकवली.
दोन बोटांनी टेबल दाबून पाहिलं.

आता तिथे नाण्याचा खेळ जमेल.
नाणं घरंगळत नाही.