सी अक्षरामागे

सी अक्षरामागच्या लाकडी खोपटात
आम्ही दोघी. थुगेसनबाई सांगतात, मी लिहिते.
फटीतून युटलंडचा खारा वारा,
थर्मासात निवलेली कॉफी.

काळा घोडा आला. दुडकी अशी
की पायांखाली वाळू नाहीच.
बाकांवरून टाळ्या.
माझं पेन आपसूक नऊच्या वळणाला लागलं.

“पाच,” बाई म्हणाल्या.

मग मला दिसली
छातीत खुपसलेली हनुवटी,
कडियाळ्याच्या कडेने डोकावणारा
जिभेचा जांभळट कोपरा,
एक बोटही शिरणार नाही
इतकी आवळलेली नाकपट्टी.
आणि शेपूट, पावलागणिक
नाही, नाही म्हणणारं.

शेरा?
“लिही: पाय नाचतात, पाठ कुलपात.”
बाहेर कुणीतरी शीळ घातली.

दुपारी एलिन राउनची तांबडी घोडी,
एकोणीस वर्षांची, पोटाने सुटलेली.
कोपऱ्यात अडखळली. सहा.
पुढे लगाम सैल सुटला
तशी मान लांबवत, वाळू हुंगत
तिरकी निघाली मैदानभर,
जणू घरच्या वाटेवर.

बाई आकडा सांगेचनात.
मी पेन धरून बसलेली.
विचारलं, तर म्हणाल्या,
“आठ. आणि गप्प बस जरा,
ती फुरफुरतेय,
ऐकू दे.”