भोगस

मिरजेहून बदली होऊन कुडतरीच्या पोस्टात आले
तेव्हा मला कोंकणी येत नव्हती
आणि एतेल्विनाबायला देवनागरी.
मध्ये काउंटरची जाळी, खळीची बाटली,
आणि नाताळ जवळ आला की
तिच्या डब्यातून झिरपणारा दोदोलाचा वास.

डबा दर डिसेंबरात लेकाला जायचा,
लांब डोंगरातल्या मिशनच्या दवाखान्यात.
वजन दोन किलो तीनशे. कापडात शिवलेला,
टाके इतके बारीक
की वर लाख ओतायला मला लाज वाटे.

त्या वर्षी डब्यामागोमाग मिंगेलही गेला, तिचा नवरा,
चेपणीच्या तोरांची बरणी मांडीवर धरून.
शुक्रवारी संध्याकाळी जमाव आला.
काठ्या होत्या, एवढं मी सांगते.
बाकीचं पेपरात आलं,
तो पेपर मी आठवडाभर काउंटरखाली दडवला,
जणू गावात एकच प्रत येते.

आलेले माझ्या देवाचं नाव घेत आले होते.
हे ती जाळीपलीकडून कधी बोलली नाही.
मीच टिकली लावताना
आरशासमोर जास्त वेळ उभी राहू लागले.

जानेवारीत डबा परत आला.
‘घेणारा मयत’,
शिक्का नव्हे, कुणीतरी निळ्या पेनाने लिहिलेलं.
मी वजन केलं. का केलं, माहीत नाही.
दोन किलो तीनशे.

दोन वर्षांनी ती कोर्टाचा कागद घेऊन आली.
मुख्य आरोपी बावीसचा, ट्रॅक्टर चालवणारा.
शिक्षेबाबत कुटुंबाचं काही म्हणणं?
“बरय,” म्हणाली, “हांवें ताका भोगसलां.”
मी लिहिलं, मी फार भोगलं.
वर विचारलं, काय काय भोगलंत, सविस्तर सांगा,
न्यायाधीश वाचतील.
तिने मला वाचून दाखवायला लावलं
आणि त्या दिवसांनंतर पहिल्यांदा हसली.
“ना गो बाय. भोगलें न्हय. भोगसलें. माफ, माफ.”
मी खोडायला रेघ ओढणार
तोच जाळीतून बोटं घालून तिने पेन धरलं.
“राव. तेंय आसूं दी.”

कागदावर दोन्ही शब्द राहिले,
मध्ये फक्त एक स.
माझ्या भाषेत मी तो स पुष्कळ शोधला.

तिलाही तो रोज सापडतो असं नाही.
सातच्या घंटेनंतर तिच्या बल्कांवावर तेर्स चालतो,
खोलीकडे जाताना मला ऐकू येतो.
आमचीं पातकां आमकां भोगस,
इथपर्यंत तिचा आवाज सगळ्यांच्या वर.
पुढची ओळ, जिथे आपण दुसऱ्यांना,
तिथे शेजारणी पुढे जातात
आणि ती वाकून चपलेचा पट्टा नीट करते.
एकदा पट्टा नसलेल्या चपलेचाही केला.

यंदा डिसेंबरात डबा पुन्हा काउंटरवर.
पत्ता तुरुंगाचा.
म्हटलं, आत खाणं घेत नाहीत, नियम आहे.
तिने विचार केला. मागे रांग, कुणाचं तरी पेन्शन.
“मग ताचे आवयक धाड.”
आईचं नाव दोघींनाही ठाऊक नव्हतं.
मी कोर्टाच्या कागदावरून गाव उतरवलं,
वर लिहिलं, ट्रॅक्टरवाल्या मुलाच्या आईस.
पाठवणाराच्या जागी तिने स्वतः
रोमी अक्षरांत नाव घातलं, दाबून,
कापडाला भोक पडेल इतकं.

जाताना वळली.
“परत आयलो जाल्यार म्हाका सांगूं नाका.
तूंच खा.”

फेब्रुवारी लागला. डबा आलेला नाही.
पोचला, असं मी म्हणत नाही.
रोज सकाळी टपालाची थैली सोडते
आणि हात घालायच्या आधी
वास घेते.