बास

सकाळी कपिलतीर्थात
एलिनानं पाच वांगी मोजून घेतली.
मालूबाईंनी सहावं वरून टाकलं,
पोरीनं त्याचेही पैसे काढले
तर बाई रागावल्याच.

चप्पल लाईनीत इस्माईलचाचा म्हणाले,
"आठवडाभर चावंल, मग पाय वळखंल."
दुभाषी मी,
पण हे काही मला
इंग्रजीत नेता आलं नाही.

रात्री शुक्रवार पेठेत, आमच्या घरी,
तांबडा, पांढरा, वहिनीच्या हातात पळी.
योनासनं दिवसभरात एकच शब्द पाठ केलेला:
बास.
तो म्हणाला. वहिनीनं वाढलं.
पुन्हा म्हणाला. पुन्हा वाढलं.

मग मला हळूच विचारतो,
बास म्हणजे नक्की काय?
नाकातनं पाणी, कान लालभडक,
आणि वाटी
अजून पुढंच धरलेली.