पांढरं फडकं

म्हाऊसच्या काजूबागेत
कर्नल केंकरे पांढरं फडकं ओढत चालतात.
मीटरभर फलालीन, दोन टोकांना सुंभ.
मी मागून पावलं मोजते. वीस झाली की थांबायचं,
फडकं उलटं करून चिमट्याने
खसखशीएवढ्या गोचिडी कुपीत भरायच्या.

"गणवेशात असतो तर," ते एकदा म्हणाले,
"हे कापड हातात घेतल्याबद्दल
कोर्टमार्शल झालं असतं माझं."
हसले नाहीत. मीही.

माकड मेलं की वनखात्याआधी त्यांना फोन जातो.
परवा पहाटे शेवंती माजिकनं केला:
व्हाळाकडे पडलंय, पोराला कवटाळून. पोर जिवंत आहे.
त्यांनी नकाशावर तांबडी टाचणी रोवली,
भोवती पन्नास मीटरचा घेर आखला
आणि पेन्सिल तशीच धरून बसले.

सीमेवरचं ते सांगत नाहीत.
एवढंच कळलं, की सुरुंग पेरलेल्या रानाचे नकाशे
असेच असत: इथे पाऊल नको, इथे चालेल.

इथे तसं सांगता येत नाही.
बोंडू पिकून पडलेत, भट्टीवाला खोळंबलाय,
शेवंती अनवाणीच शिरते घेरात.

कर्नल तिच्यासमोर उकिडवे बसतात,
गुडघा कडकन वाजतो.
तेलाची बाटली उघडून
ओततात तिच्या ओंजळीत.
"पोटऱ्यांपर्यंत चोळ, बाई. रोज."

"तुमी लायलें?" ती विचारते.

ते विसरलेले असतात.