कापराचा जोडीदार

बोहरी आळीतून बारा ताव आणले,
गुच्छांना बांधतात तो नारिंगी जिलेटिन,
आणि खिडक्यांना चिकटवले.
उघड्या उजेडात आमचं रेझिन बाटलीतच थिजतं,
म्हणून भर दुपारीसुद्धा या खोलीत
संत्र्याच्या सालीच्या आत बसल्यासारखं वाटतं.

कापूर तुम्हाला माहीत आहे.
त्याचाच एक पिवळा नातलग आमच्याकडे असतो,
चिमटीत मावेल इतकाच.
निळा उजेड पडला की तो जागा होतो,
पण एकट्याने त्याला पुढचं काही जमत नाही.
शेजारी कुणी तरी लागतं,
आपल्या अंगचा एक हायड्रोजन काढून देणारं.
मग साखळी लागते. वीस सेकंद. बीप.
दाताने धरलेलं असतं.

आजवर हे देणं अमाइनने केलं.
त्याच्याबद्दल वाईट बोलू नये, पण
उरलंसुरलं पाण्यात झिरपतं,
आम्लाशी त्याचं पटत नाही,
आणि वर्षं गेली की पिवळं पडतं.
किती पिवळं ते बघायचं असेल तर
तांबोळीमामांना हसवून दाखवा.

मामा लॅबचे अटेंडंट.
त्यांच्या पुढच्या दाताचा तुटका कोपरा
दोन हजार नऊ साली इथल्याच एका पोराने भरला,
प्रॅक्टिकलसाठी पेशंट हवा होता म्हणून.
पोरगं पास झालं, आता शारजात असतं.
कोपरा चहात बुडवलेल्या खडीसाखरेसारखा झाला.
मामा हसताना मिशीवरून हात फिरवतात.
मला वाटायचं, लकब असेल.

दोन वर्षं मी जोडीदार शोधतेय.
आयोडोनियमचं मीठ झालं.
थायॉल उघडलं तेव्हा खालच्या मजल्यावरून
कुणी तरी गॅस एजन्सीला फोन केला.
सल्फिनेट गुणी, पण विरघळायचंच नाही,
रुसून तळाशी बसून राहायचं.
मग तिळाच्या तेलातल्या एका रेणूचा चुलतभाऊ सापडला.
मामा म्हणाले, कापूर झाला, तीळ झाले,
मॅडम, हे कॉलेज आहे की भुसाराचं दुकान?

गाइड म्हणाल्या, सगळं ठीक,
पण हायड्रोजन देऊन झाल्यावर
त्या बिचाऱ्याचं काय होतं, तेही लिही.
समिती विचारते.

दात मामाच आणतात.
कोथरूड, धायरी, वारज्याचा पूल,
ब्रेसेससाठी काढलेल्या शाळकरी उपदाढा
स्कूटरच्या डिकीत, जॅमच्या बरण्यांत,
थायमॉलच्या पाण्यात.
प्रत्येक बरणीवर तारीख आणि त्यांच्या गोल अक्षरात
एकच शब्द: जपून.

मग सदतीस अंशांची पेटी, सहा महिने.
मंगळवारी मशीनवर ओढलं.

पहिल्या दिवशी अमाइन पुढे होतं, हे लपवत नाही.
पण सहा महिन्यांच्या पाण्याने ते खचलं,
आणि तिळवाला होता तिथेच होता.
जवळजवळ तिथेच.
चाळीसातले तीन हात लावताच सुटले,
का ते मला माहीत नाही.

मामांनी चकती उचलून खिडकीशी धरली.
मामा, इथे सगळंच पिवळं दिसतं, मी म्हटलं.
तेव्हा ते चकती घेऊन व्हरांड्यात गेले,
खऱ्या उन्हात.
बराच वेळ आले नाहीत.

आले ते विचारतच: हे तोंडात कधी घालता येईल?
मी पायऱ्या सांगितल्या. पेशींवर, मग उंदरांवर,
मग एथिक्स कमिटी, मग परवानगी,
मग कुठली तरी कंपनी तयार झाली तर.
बोटांवर मोजता मोजता
माझी दुसऱ्या हाताची बोटं सुरू झाली.

मी एकतीस मेला रिटायर, मामा म्हणाले,
तक्रार नव्हे, वेळापत्रक सांगावं तसं.
मग चकती पुसून खोक्यात ठेवली
आणि पेटीच्या वहीत नेहमीसारखं लिहिलं:
सायंकाळ ५.४०. तापमान ३७. बरोबर.